पुरानंतरची मदत कशात यावी? धान्याच्या पोत्यात, कुपनात की थेट खात्यात?

ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापूरच्या गावागावांत शिरले. पाणी ओसरायच्या आधीच राज्याच्या कानाकोपऱ्यातून मदतीचे टेम्पो निघाले. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चादरी, जुने कपडे. देणाऱ्यांची माणुसकी मोठी होती, यात शंकाच नाही. पण पाणी उतरल्यावर पूरग्रस्तांच्या दारात जे प्रश्न उभे राहिले, ते बिस्किटाच्या पुड्याने सुटणारे नव्हते. घरातला चिखल काढायचा तर मजुरी कुठून द्यायची? नदीकाठची मोटार बुडाली, ती भरून आणायला पैसे कोण देणार? पोरांची दप्तरे, म्हाताऱ्याच्या गोळ्या, उरलेल्या जनावरांचा चारा, ही यादी घराघरात वेगळी होती.

त्या वर्षी सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. पैसे खात्यात जमा होणार म्हटल्यावर लगेच दुसरी ओरड झाली. बँका अन् एटीएम पाण्यात असताना खात्यातले पैसे काढायचे कसे? शेवटी काही रक्कम रोखीने हातात देण्याचा निर्णय झाला.

मदत वस्तूत द्यावी की पैशात, आणि पैशात दिली तर ती माणसाच्या हातात पडते का, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. युद्ध, भूकंप, वादळ, दुष्काळ अशा संकटांत जगभर मदत पोचवणाऱ्या संस्था गेली वीस वर्षे यावरच वाद घालत आहेत. त्यातून काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत. त्या गावाला माहीत असलेल्या बऱ्या, कारण पूर, अतिवृष्टी आणि दुष्काळ आता दर दोन-तीन वर्षांनी दारात येतो आहे.

मदतीचे प्रकार कोणते?

वस्तू : गहू, तांदूळ, तेल, ताडपत्री, चादरी, भांडी. काय द्यायचे ते देणारा ठरवतो.

रोख : खात्यात जमा, मोबाईलवर जमा किंवा पाकिटात घालून हातात. काय घ्यायचे ते घेणारा ठरवतो.

व्हाऊचर, म्हणजे कूपन : कागदी चिठ्ठी, कार्ड किंवा मोबाईलवरचा कोड. ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या मालासाठीच चालतो. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेले ई-रुपी हे याच जातीचे. मोबाईलवर मेसेज किंवा क्यूआर कोड येतो, तो ज्या कामासाठी दिला त्याच कामाला वापरता येतो. साधा फोन असला तरी मेसेज चालतो.

कामाच्या बदल्यात मजुरी : संकटाच्या काळात सार्वजनिक कामे काढायची आणि लोकांच्या हातात मजुरी द्यायची. हा प्रकार महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

बहात्तरने शिकवलेला धडा

१९७२ चा दुष्काळ म्हटले की जुन्या माणसांना आधी लाल मिलो आठवते. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी. आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. ही झाली वस्तूतली मदत. तिने अनेकांच्या पोटाला आधार दिला, हे खरेच.

पण त्या दुष्काळात लाखो कुटुंबे तगली ती कामावरच्या मजुरीमुळे. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती अशी कामे राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे होती. हातात मजुरी पडली म्हणून माणूस बाजारात गेला. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर धान्य आपोआप तिकडे सरकले. राज्याबाहेरून धान्य आणण्यावर बंधने असतानाही ते येत राहिले. यातूनच पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचे जनक वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५ मध्येच तिचा प्रयोग करून पाहिला होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हीच गोष्ट जगापुढे मांडली. दुष्काळात माणसे मरतात ती दर वेळी धान्य संपले म्हणून नाही. बाजारात धान्य असते, पण मजुराच्या खिशात ते घ्यायला पैसा नसतो. अशा वेळी पोते पाठवण्यापेक्षा खिशात पैसा जाणे जास्त उपयोगाचे. आज ज्याला रोख मदत म्हणतात, तिचे मूळ या विचारात आहे.

पैसा द्यायचा तर का?

पहिले कारण : वाहतूक आणि साठवणूक वाचते. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर या देशात २०११ साली जागतिक अन्न कार्यक्रमाने एक तुलना करून पाहिली. शेजारच्या कोलंबियातून पळून आलेली कुटुंबे आणि त्यांच्या शेजारी राहणारी गरीब कुटुंबे यांना सहा महिने मदत दिली. काहींना ४० डॉलर रोख, काहींना ४० डॉलरचे कूपन, काहींना तेवढ्याच किमतीचे धान्य, डाळ, तेल आणि डबाबंद मासे. प्रत्येक वेळी मदत पोचवायला वरखर्च किती आला, तो मोजला. रोख पोचवायला सुमारे ३ डॉलर, कूपन पोचवायला त्याहून थोडे जास्त, आणि धान्य पोचवायला तब्बल साडेअकरा डॉलर. गोदाम, हमाली, ट्रक, पोती, वाटप करणारी माणसे, सगळ्याचा खर्च त्यात आला.

हीच तुलना नायजर, युगांडा आणि येमेन या देशांतही झाली. चारही देशांचा हिशेब जोडल्यावर दिसले, की धान्याऐवजी पैसे दिले असते तर तेवढ्याच खर्चात साधारण १८ टक्के जास्त लोकांना मदत पोचली असती. शंभर घरांच्या गावात आणखी अठरा घरे, असा त्याचा साधा अर्थ.

दुसरे कारण : प्रत्येक घराची गरज वेगळी. ज्याच्या घरात धान्य शिल्लक आहे पण छपराचे पत्रे उडाले, त्याला गव्हाचे पोते देऊन काय उपयोग? मग तो गहू कमी भावात विकतो आणि पत्रे आणतो. मदतीचा माल निम्म्या भावात बाजारात विकला जाणे हे जगभरच्या छावण्यांत दिसते. त्यात मदत घेणाऱ्याची लबाडी नसते, त्याची गरज निराळी असते.

तिसरे कारण : पैसा गावातच फिरतो. बाहेरून फुकट किराणा आला की गावातल्या दुकानदाराचा धंदा बसतो, आणि पुरात त्याचेही दुकान बुडालेले असते. पैसा हातात आला तर तो त्याच दुकानात, त्याच गवंड्याकडे, त्याच चारा विकणाऱ्याकडे जातो.

ही कारणे पटल्यामुळे २०१६ मध्ये इस्तंबूलला भरलेल्या जागतिक परिषदेत मोठे देणगीदार देश आणि मदत संस्थांनी रोख मदतीचे प्रमाण वाढवायचे ठरवले. त्याआधी जगातल्या मानवतावादी मदतीत रोख आणि कूपन मिळून फार थोडा हिस्सा होता. २०२२ पर्यंत तो साधारण पाचव्या हिश्शापर्यंत गेला.

पण लोक दारूत उडवतील त्याचे काय?

रोख मदतीचा विषय निघाला की चावडीवर हा प्रश्न हमखास येतो. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीच्या योजनांचे अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये हेच तपासले. पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च सरसकट वाढतो, असे त्यांना दिसले नाही. उलट बऱ्याच ठिकाणी तो थोडा कमीच झाला.

याचा अर्थ कुणीच पैसे उडवत नाही असा नाही. प्रत्येक गावात एखादे घर असतेच. पण एका घरासाठी नव्व्याण्णव घरांना न लागणारे पोते द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. आणि दारूला पैसे हवेच असतील तर मदतीचा तांदूळही विकता येतो.

पैसा कधी कामाचा नाही?

इथवर वाचून पैसा हेच औषध, असे वाटेल. तसे नाही. पैसा खाता येत नाही. बाजारात माल असेल, दुकान उघडे असेल, तिथवर जायला रस्ता असेल, तरच पैशाला किंमत.

फिलिपिन्समध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान नावाचे भयंकर वादळ आले. पहिल्या दिवसांत दुकानेच उद्ध्वस्त झाली होती. तेव्हा आधी तांदूळ आणि तयार अन्न दिले गेले. काही आठवड्यांत बाजार पुन्हा भरू लागला, तशी मदत पैशावर वळवली. तिथल्या सरकारची गरीब कुटुंबांसाठी आधीपासून योजना होती. तिच्याच यादीवर आणि तिच्याच वाटेने जादा रक्कम गेली. नवी यादी करत बसावे लागले नाही.

नायजरमधला अनुभव तर रोख मदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. हा आफ्रिकेतला कोरडवाहू देश, बाजरी-ज्वारीवर जगणारा. तिथे जुने धान्य संपलेले आणि नवे पीक हाती न आलेले, अशा महिन्यांत धान्याचे भाव चढतात. ज्या घरांना पैसे मिळाले त्यांनी भाव वाढायच्या भीतीने धान्य एकदम भरून ठेवले, थोडे घराच्या डागडुजीला आणि शेतीला घातले. ज्या घरांना थेट धान्य, डाळ, तेल मिळाले त्यांचे जेवण त्या काळात जास्त चांगले होते. म्हणजे भाव चढता असेल आणि माल कमी असेल, तर पोतेच बरे.

इक्वेडोरमध्ये मात्र कूपन घेतलेल्या घरांत जेवणात सर्वांत जास्त प्रकारचे पदार्थ आले, कारण कूपन फक्त ठरलेल्या पौष्टिक मालावर चालत होते. तेव्हा सरसकट एकच उत्तर नाही. बाजार पाहून ठरवायचे.

साधा नियम असा सांगता येईल :

– पाणी अजून गावात आहे, दुकाने बंद, रस्ता तुटला : शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी, औषधे, ताडपत्री, चारा.

– पाणी ओसरले, दुकाने उघडली, एसटी सुरू झाली : पैसा.

– दुकाने उघडी, पण लहान मुलांचे पोषण, बियाणे किंवा औषध यासारखी एकच गरज पक्की भागवायची आहे : कूपन.

– माल कमी आणि भाव रोज वाढतो आहे : पुन्हा धान्य, किंवा धान्य अधिक थोडा पैसा.

पैशाला महागाईची वाळवी लागते

पोत्यातला गहू पाच किलो असेल तर पुढच्या वर्षीही पाच किलोच राहतो. शंभर रुपये मात्र पुढच्या वर्षी तेवढेच राहत नाहीत.

सीरियातल्या युद्धातून पळून तुर्कस्तानात आलेल्या निर्वासितांसाठी २०१६ च्या अखेरीस एक मोठी योजना सुरू झाली. युरोपीय संघाचा पैसा, तुर्कस्तानच्या रेड क्रिसेंट संस्थेचे कार्ड. कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० लिरा कार्डवर जमा व्हायचे, २०१७ मध्ये ते १२० झाले. १५ लाखांवर लोकांना याचा आधार मिळाला. कार्ड एटीएममध्ये चालायचे, रांगेत उभे राहून पिशव्या घ्यायची पाळी आली नाही. पण २०१८ मध्ये लिरा कोसळला आणि बाजारातले भाव चढले. माणशी रक्कम मात्र १२० वरच राहिली. ती वाढायला २०२१ उजाडले. मधल्या काळात कार्ड तेच, लिरा तेवढेच, पण पिशवीत येणारा माल कमी.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण रेशनचे आहे. मराठवाड्यातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य सवलतीत मिळत होते. गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो. ते बंद होऊन २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये थेट खात्यात द्यायचा निर्णय झाला. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

हिशेब सोपा आहे. १७० रुपयांना ५ किलो, म्हणजे किलोला ३४ रुपये. गावातल्या किराणा दुकानात गहू-तांदूळ त्या भावात मिळत असेल तर सौदा बरोबरीचा. भाव त्याच्या वर गेला तर फरक घराच्या खिशातून. आणि हप्ता दोन-तीन महिने उशिरा आला तर त्या महिन्यांचे धान्य उधारीवर. रोख मदत वाईट ठरते ती इथे. रक्कम भावाशी जोडलेली नसली आणि वेळेवर आली नाही, की ती हळूहळू निम्मी होते.

पूर यायच्या आधीच पैसे

मदत वेळेवर म्हणजे कधी? बांगलादेशने याचे उत्तर उलटे दिले. तिथे जमुना नदीला दर पावसाळ्यात पूर येतो. जुलै २०२० मध्ये पुराचा अंदाज ठरलेल्या पातळीच्या वर जाताच संयुक्त राष्ट्रांचा निधी मोकळा झाला आणि नदीकाठच्या सुमारे २३ हजार कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टका मोबाईलवर पाठवले गेले. पूर शिखरावर पोचायच्या आधी.

त्या पैशात लोकांनी धान्य भरले, जनावरे उंचावर हलवली, चारा घेतला. नंतर पाहणी झाली. ज्यांना पैसे मिळाले त्या घरांत, न मिळालेल्या तशाच घरांच्या तुलनेत, एखादा पूर्ण दिवस उपाशी काढण्याची वेळ कमी आली. जनावर पुरात गेल्यावर पंचनाम्याने मिळणाऱ्या भरपाईपेक्षा ते आधीच उंचावर नेण्याचे भाडे किती तरी स्वस्त पडते.

हे जमले कारण यादी आधी तयार होती, मोबाईल खाती आधी जोडलेली होती, आणि किती पाणी आले की पैसे सोडायचे हे आधी ठरले होते. पुराच्या दिवशी बैठक घ्यावी लागली नाही.

खरी गोम यादीत आणि खात्यात

रोख मदत पोत्यापेक्षा स्वस्त पडते, लवकर पोचते. पण पोते गावच्या चावडीवर येते, डोळ्यांना दिसते. पैसा कुठे अडकला ते दिसत नाही. म्हणून रोख मदतीत सगळे भांडण यादी आणि खाते या दोन गोष्टींवर येऊन थांबते.

आपल्याकडे आपत्तीची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनी मिळते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर साधारण असे होते. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,००० रुपये, शेळी-मेंढी ४,००० रुपये. सपाट भागात पूर्ण पडलेले घर १ लाख २० हजार रुपये. घर वाहून गेले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. पिकांना जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. राज्य सरकार काही वेळा यात स्वतःची भर घालते.

आता यादीत कोण येतो ते पाहा. सातबारा ज्याच्या नावावर, पीकनुकसानीचे पैसे त्याला. ठोक्याने किंवा बटाईने शेत करणाऱ्याने बियाणे घातले, खत घातले, पण यादीत नाव मालकाचे. शेतमजूर बाईचे पंधरा-वीस दिवसांचे काम गेले, त्या रोजाचा पंचनामा होत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे सामान गेले, घर दुसऱ्याचे. जमीन नवऱ्याच्या किंवा मेलेल्या सासऱ्याच्या नावावर असली, की राबणाऱ्या बाईच्या खात्यात काही येत नाही.

तुर्कस्तानातल्या त्या योजनेने जमीन-घर न पाहता माणसे पाहिली. एकट्या बायका, म्हातारी, अपंग, जास्त लेकरांची घरे यांना आधी धरले. त्यातही काही गरजू सुटलेच. पण कुणाला आधी द्यायचे याचे निकष उघड होते, त्यामुळे आपण का सुटलो हे माणसाला विचारता येत होते.

पैसे अडकू नयेत म्हणून आधीच काय करावे

पूर आल्यावर सेतू केंद्रापुढे रांग लावण्यापेक्षा ही कामे उन्हाळ्यातच उरकलेली बरी.

१. आधार कोणत्या बँक खात्याशी जोडले आहे ते पाहावे. थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेत विचारले तरी सांगतात.

२. खाते चालू आहे का ते पाहावे. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते बंद पडते. पन्नास-शंभर रुपयांचा व्यवहार करून जिवंत ठेवावे.

३. आधार, बँक पासबुक आणि सातबारा यांवरचे नाव जुळते का ते पाहावे. एका कागदावर वडिलांचे नाव आणि दुसऱ्यावर नुसते आडनाव असले तरी काम अडते.

४. वारस नोंद करून घ्यावी. मयत खातेदाराच्या नावावरचे अनुदान कुणालाच मिळत नाही. सामाईक सातबारा असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. भावकीत बोलणे आधीच झालेले बरे.

५. जनावरांच्या कानात बिल्ला मारून घ्यावा. भरपाईच्या वेळी त्याचा नंबर विचारला जातो. जनावर दगावले तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकारी आणि तलाठ्याला कळवावे.

६. चिखल काढायच्या आधी फोटो घ्यावेत. घर, गोठा, विहीर, पीक, मोटार. घाई असते, पण पंचनाम्याला तोच पुरावा.

७. यादी लागली की तलाठ्याकडून विशिष्ट क्रमांक, ज्याला गावात व्हीके नंबर म्हणतात, तो घ्यावा आणि ई-केवायसी करायला सांगितली असेल तर आपले सरकार केंद्रात जाऊन करावी. पावती जपून ठेवावी.

८. मदतीचे पैसे कर्जखात्यात वळते झाले तर बँकेत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत तहसीलला द्यावी. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत दिलेली असते.

९. व्हॉट्सॲपवर अनुदानाची लिंक किंवा ॲप आले तर उघडू नये. अनुदान मिळण्यासाठी ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. पूर किंवा आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

ग्रामपंचायत आणि मंडळांनी काय करावे

दुसऱ्या जिल्ह्यात पूर आला की आपल्या गावातूनही टेम्पो निघतो. गणेश मंडळे, तरुण मंडळे, बचत गट पुढे येतात. ती मदत वाया जाऊ नये म्हणून निघायच्या आधी एक फोन त्या गावात करावा. सरपंच, ग्रामसेवक, आशा ताई किंवा शाळेचे गुरुजी, कुणालाही. दोनच प्रश्न विचारायचे. दुकाने उघडली का? आणि आत्ता सर्वांत जास्त काय लागते?

दुकाने बंद असतील तर टेम्पो न्यावा, पण सांगितले तेच भरावे. पिण्याचे पाणी, तयार जेवण, चारा, पशुखाद्य, सॅनिटरी पॅड, ताडपत्री, खराटे आणि फावडी. घरात नको असलेले कपडे पाठवू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. ते उचलणे हेच एक नवे काम होऊन बसले.

दुकाने उघडली असतील तर टेम्पोच्या डिझेलचे पैसेही वाचवावेत. जमलेली रक्कम तिथल्याच दोन-तीन दुकानदारांकडे जमा करून घरटी चिठ्ठ्या वाटता येतात. हेच गावपातळीवरचे व्हाऊचर. दुकानदार उभा राहतो, घराला हवे ते मिळते आणि हिशेब वहीत राहतो. यादी मात्र ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि तिच्यात ठोक्याने शेत करणारा, भाडेकरू, मजूर आणि एकटी बाई यांची नावे आहेत का, हे सर्वांसमोर विचारावे.

ग्रामपंचायतीनेही बांगलादेशचा कित्ता गिरवता येईल. नदीकाठच्या घरांची, एकट्या म्हाताऱ्यांची, जनावरांची यादी मे महिन्यातच तयार ठेवायची. किती पाणी पुलाला लागले की कुणाची जनावरे कुठे हलवायची, हे आधीच ठरवायचे. त्याला सरकारी आदेश लागत नाही.

बहात्तरला मिलो खाल्लेली पिढी एक गोष्ट सांगते. पोट मिलोनेही भरले, पण मान ताठ राहिली ती कामावर मिळालेल्या मजुरीने. मदत कशात द्यायची हे ठरवताना बाजार बघायचाच. पण घेणाऱ्यालाही एक घर आहे, त्याला त्याची गरज कळते, एवढे धरून चालले तर पोते, कूपन आणि पैसा यातले काय द्यायचे हे ठरवणे फार अवघड जात नाही. अवघड आहे ती यादी. ती पावसाळ्याच्या आधी गावातच, सर्वांसमोर करायची.